आधी वेळापत्रक, मग रूळ

विरारहून ठाण्याला नोकरीला जाणारा माणूस दादरला उतरतो, पूल ओलांडतो आणि मध्य रेल्वेची गाडी पकडतो. पश्चिम आणि मध्य हे रेल्वेचे दोन स्वतंत्र झोन. त्यांचे महाव्यवस्थापक वेगळे, कारशेड वेगळ्या, मोटरमन वेगळे, हिशेबही वेगळे. तरी त्या माणसाच्या खिशातला पास एकच असतो, ‘व्हाया दादर’. पुलावर त्याला कुणी नवे तिकीट काढायला लावत नाही, आणि भाडेही विरार ते ठाणे या सलग अंतराचे लागते. त्यातले किती पैसे पश्चिमेला गेले आणि किती मध्यला, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असण्याची गरजही नसते.

हाच माणूस उद्या अंधेरीला उतरून मेट्रोने घाटकोपरला जायचे म्हणाला, तर चित्र बदलते. पास अंधेरी स्टेशनच्या पुलावर संपतो. पुढे मेट्रोचे वेगळे तिकीट, वेगळी तपासणी, वेगळे किमान भाडे. घाटकोपरहून ठाण्याला जायला पुन्हा मध्य रेल्वेचा हिशेब. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. पूर्व आणि पश्चिम उपनगरे जोडणारी ती पहिली मेट्रो, लोकलच्या दोन्ही मुख्य मार्गांना छेदून जाणारी. इतक्या वर्षांत लोकल आणि मेट्रो मिळून एक मासिक पास निघू शकलेला नाही. दादरला जे दशकानुदशके बिनबोभाट चालू आहे ते अंधेरीला जमत नाही. यात तंत्रज्ञानाची कसलीच अडचण नाही. दोन संस्थांनी एका टेबलाशी बसून पैसे कसे वाटायचे ते ठरवलेले नाही, एवढेच.

रेल्वेला प्रवासी कशाने मिळतात, हा प्रश्न आपल्याकडे नीट विचारला जात नाही. नवी गाडी आली की तिचा वेग, डब्यांचा रंग, खुर्च्यांचा कोन यांची चर्चा होते. हिरवा झेंडा दाखवला जातो. ती गाडी दिवसातून एकदा जाते आणि एकदा येते, याची बातमी होत नाही. माझे म्हणणे असे की गाडी वारंवार आणि ठरावीक अंतराने सुटत असेल आणि घरापासून कामापर्यंतच्या प्रवासाला एकच तिकीट पुरत असेल, तर लोक आपण होऊन रेल्वेकडे येतात. वेगाचा क्रमांक त्यानंतरचा. हे जगात अनेक ठिकाणी दिसून आले आहे, आणि आपल्या मुंबईतही दिसते. तरी महाराष्ट्राचा पैसा आणि लक्ष दोन्ही भलतीकडेच जाते.

पुणे-मुंबई मार्गाचेच घ्या. अंतर १९२ किलोमीटर. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. आज ती सव्वातीन तासांच्या आसपास वेळ घेते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर वंदे भारत आली, तिला मुंबई-पुणे अंतर कापायला सुमारे तीन तास लागतात. कर्जत आणि लोणावळ्याच्या मधला बोरघाट ३७ फुटांना एक फूट चढतो. तिथे कुठलीही गाडी असली तरी घाट आपली वेळ घेतोच. म्हणजे नव्या गाडीने प्रवाशाची जेमतेम पंधरा मिनिटे वाचली. पण पुण्याहून सकाळी सिंहगड, डेक्कन क्वीन आणि प्रगती या एकामागोमाग निघून गेल्या की पुढे काय? दक्षिणेकडून, सोलापूरकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या. त्या रात्रभर धावून आलेल्या, कधी वेळेवर तर कधी नाही, आणि जनरलचा डबा पुण्यात येईपर्यंत गच्च भरलेला. दुपारी साडेबाराला अचानक मुंबईला जायचे ठरले तर पुण्यातला माणूस रेल्वेचा विचारच करत नाही. तो शिवनेरीच्या थांब्याकडे जातो.

शिवनेरीचे तिकीट रेल्वेच्या सेकंड सीटिंगपेक्षा कितीतरी पट महाग आहे. ती घाटात अडकते, मुंबईत शिरताना अडकते. तरी ती भरते, कारण एक गेली तर थोड्या वेळात दुसरी असते. वेळापत्रक पाठ करावे लागत नाही आणि साठ दिवस आधी आरक्षण करावे लागत नाही. काम लवकर आटोपले तर लवकर निघता येते, लांबले तर उशिरा. एसटीने हे फार पूर्वी ओळखले. रेल्वेकडे स्वस्त, सुरक्षित, ऐसपैस गाड्या आहेत. पण त्या ज्या वेळी सुटतात त्याच वेळी तुमचे काम असेल, तरच त्या तुमच्या उपयोगाच्या.

रोज तासभर पाणी येणाऱ्या घरातली माणसे दिवसाची सगळी आखणी त्या तासाभोवती करतात, पिंप भरून ठेवतात, कुणीतरी एकजण घरी थांबतो. चोवीस तास पाणी असलेल्या घरात कुणी नळाचा विचारही करत नाही. गाडीचे तसेच आहे. दिवसाला चार गाड्या असतील तर प्रवासी गाडीभोवती आपला दिवस बेततो. ज्याला ते परवडत नाही तो मोटारसायकल घेतो, आणि एकदा मोटारसायकल दारात आली की तो रेल्वेकडे परत वळत नाही. गाड्या दर दहा-बारा मिनिटांनी असतील तर वेळापत्रक बघायची सवयच सुटते. मुंबईत गर्दीच्या वेळी ‘कितीची गाडी’ ही चर्चा फक्त बसायला जागा मिळावी म्हणून असते. नुसते पोचायचे असेल तर येईल ती गाडी धरायची. पश्चिम आणि मध्य रेल्वे मिळून दिवसाला तीन हजारांहून अधिक लोकल फेऱ्या होतात. इतकी गर्दी, इतके हाल सोसून माणसे लोकलनेच जातात, ते नाइलाजाने तर खरेच, पण पुढची गाडी पाठोपाठ येणार याची खात्री असते म्हणूनही.

फेऱ्यांचे गणित प्रशासनाला अनेकदा उलटे दिसते. दुपारच्या गाडीला प्रवासी कमी, म्हणून ती बंद करा, असे कागदावर सहज मांडता येते. पण सकाळी सातला निघणारी परिचारिका दुपारी तीनला परत यायची गाडी आहे का ते आधी बघते. परतीची गाडी नसेल तर ती जातानाही रेल्वेने जात नाही. दुपारची रिकामी दिसणारी गाडी बंद केली की सकाळच्या भरलेल्या गाडीतला प्रवासीही हळूहळू गळतो, आणि तो का गळला हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. रात्रीच्या शेवटच्या गाडीचे तर विशेषच. तिच्यात मोजकी माणसे असतात, पण आधीच्या गाड्यांमधले कितीतरी लोक ती आहे या भरवशावर घराबाहेर पडलेले असतात. बायकांच्या बाबतीत हा भरवसा नोकरी करणे आणि न करणे यातला फरक ठरतो.

पुणे-लोणावळा लोकलवर हे सगळे एकत्र पाहायला मिळते. ही लोकल १९७८ पासून चालते आहे. खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली अशा स्टेशनांवरून ती जाते. म्हणजे पुण्याच्या वायव्येला गेल्या पन्नास वर्षांत जे जे वाढले, कारखाने, वसाहती, कॉलेजे, त्या सगळ्याच्या दारातून. असा मार्ग आयता मिळणे हे कुठल्याही शहराचे भाग्य. पण तिथे दिवसाला फेऱ्या चाळीसेकच, त्याही सकाळ-संध्याकाळ गोळा झालेल्या, आणि दुपारी मोठा खंड. त्या खंडाविरुद्ध प्रवासी संघटनांनी वर्षानुवर्षे निवेदने दिली तेव्हा कुठे दुपारची एखादी गाडी पदरात पडली. पहिल्या पाळीचा कामगार अडीच-तीनला सुटतो. कॉलेज एकला सुटते. मावळातून पुण्याच्या दवाखान्यात आलेली बाई बारापर्यंत मोकळी होते. या सगळ्यांना लोकल नाही, तर जुना मुंबई-पुणे रस्ता आहे. त्या रस्त्याची आज काय अवस्था आहे हे तळेगाव-चाकणच्या माणसाला सांगायला नको.

रेल्वेची बाजूही समजून घ्यायला हवी. पुणे-लोणावळा दरम्यान दोनच मार्गिका आहेत. त्यांवरून मेल-एक्स्प्रेस जातात, मालगाड्या जातात, लोकलही जातात. रुळांच्या देखभालीला रोज काही तास मोकळे लागतात, आणि तो ब्लॉक दुपारी घेतला जातो. हे कारण खरे आहे. म्हणूनच तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये दिलेली मंजुरी ही चांगली गोष्ट झाली. पण मार्गिका बांधून झाल्यावर तिच्यावर काय धावणार, दर किती मिनिटांनी धावणार, हे आज कुणीही लिहून दिलेले नाही. आपल्याकडे आधी रूळ टाकतात, मग उद्घाटन होते आणि त्यानंतर वेळापत्रक शाखा जागा शोधत बसते. स्वित्झर्लंडने नेमके उलट केले, आणि तिथली रेल्वे आज ज्या जागी आहे तिथे ती या उलट्या क्रमामुळेच पोचली असे मला वाटते.

साठच्या दशकाअखेर स्विस रेल्वेची परिस्थिती काही हेवा करण्यासारखी नव्हती. महामार्ग होत होते, मोटारी वाढत होत्या, प्रवासी घटत होते. तिथल्या सॅम्युएल श्टेली आणि त्याच्यासारख्या काही तरुण अभियंत्यांनी एक कल्पना धरली: प्रत्येक मार्गावर दर तासाला, त्याच मिनिटाला गाडी. आठ वाजून सात मिनिटांनी असेल तर नऊ वाजून सात, दहा वाजून सात, रात्रीपर्यंत तसेच. नेदरलँड्सने १९७० मध्ये या दिशेने मोठे पाऊल टाकले होतेच. स्वित्झर्लंडमध्ये मे १९८२ मध्ये हे वेळापत्रक देशभर लागू झाले. प्रवाशाला एकच आकडा लक्षात ठेवायचा. आपल्या स्टेशनवरचे मिनिट.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची. त्याच काळात तिथे देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेगवान रेल्वेमार्गाचा प्रस्ताव चर्चेत होता. फ्रान्सची अतिवेगवान गाडी नुकतीच सुरू झाली होती आणि आपल्याकडेही तसे काही हवे असे अनेकांना वाटत होते. पण ज्या भागांतून तो मार्ग जाणार नव्हता तिथली माणसे विचारू लागली की यात आमचे काय. तो प्रस्ताव मागे पडला आणि त्याच्या जागी ‘रेल्वे २०००’ ही योजना आली. डिसेंबर १९८७ मध्ये तिच्यावर सार्वमत झाले आणि सुमारे ५७ टक्के लोकांनी होकार दिला. या योजनेत आधी वेळापत्रक काढले गेले. मोठ्या स्थानकांवर सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याच्या जरा आधी येतील, प्रवासी गाड्या बदलतील, आणि ठोका झाल्यावर त्या सगळ्या सुटतील. हे जमायचे तर दोन मोठ्या स्थानकांमधला प्रवास तासाच्या किंचित आत बसायला हवा. बर्न आणि झुरिचमध्ये तो तासाहून जास्त होता. म्हणून तेवढ्यासाठी ४५ किलोमीटरचा एक नवा मार्ग बांधला. डिसेंबर २००४ मध्ये तो सुरू झाला आणि प्रवास ५६ मिनिटांवर आला. तो आणखी कमी करायची गरज कुणाला वाटली नाही. पन्नास मिनिटांत पोचून पुढच्या गाडीची दहा मिनिटे वाट बघण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

वेगाकडे पाहायची ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. गाडी किती जोरात धावते यापेक्षा गाडी बदलताना माणूस फलाटावर किती वेळ उभा राहतो, याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. खेड्यातल्या स्टेशनबाहेर पोस्टाची पिवळी बस गाडीच्या वेळेला उभी असते, कारण तिचे वेळापत्रक गाडीच्या वेळापत्रकावरूनच बेतलेले असते. महासाथीच्या आधीची काही वर्षे घेतली तर युरोपात माणशी सर्वाधिक रेल्वेप्रवास करणारे लोक स्विसच होते. वर्षाला माणशी दोन हजार किलोमीटरहून अधिक. अतिवेगवान गाड्यांचे स्वतंत्र जाळे तिथे नाही. मोटारी मात्र घरोघर आहेत, हे विसरू नये.

आता तिकीट. त्या छोट्या देशात रेल्वे, बस, ट्राम, बोटी चालवणाऱ्या अडीचशेच्या आसपास संस्था आहेत, आणि एका तिकिटावर त्यांतल्या बहुतेकांमधून जाता येते. १९८७ मध्ये तिथल्या अर्ध्या भाड्याच्या वार्षिक कार्डाची किंमत १०० फ्रँकवर आणली गेली आणि ते कार्ड घरोघर पोचले. एकदा कार्ड खिशात आले की माणूस प्रत्येक प्रवासाआधी ‘आज मोटार की रेल्वे’ असा हिशेब मांडत नाही. झुरिच परगण्यात १९९० मध्ये उपनगरी रेल्वे सुरू झाली तेव्हाच सगळ्या वाहनांसाठी एक भाडेपद्धतही सुरू झाली. तुम्ही कोणत्या कंपनीच्या वाहनात बसलात याला अर्थ नाही. किती विभाग ओलांडले, याचे पैसे. जमा झालेला पैसा एका मंडळाकडे जातो, मंडळ प्रत्येक कंपनीला चालवलेल्या फेऱ्यांचे पैसे देते, आणि जी तूट येते ती निम्मी परगणा व निम्मी नगरपालिका सोसतात. नगरपालिकेचा वाटा मुख्यतः तिच्या हद्दीत किती गाड्या थांबतात यावर ठरतो. त्यामुळे गावाला जास्त गाड्या हव्या असतील तर त्या मागताही येतात आणि त्यांची किंमतही समोर दिसते.

ही काही फार नवी युक्ती नव्हे. जर्मनीत हँबुर्गने १९६५ मध्येच शहरातल्या वेगवेगळ्या वाहतूक संस्थांची अशी युती केली होती. लंडनमध्ये २००७ साली शहराच्या वाहतूक संस्थेने उत्तर लंडनच्या जुन्या, मरगळलेल्या उपनगरी गाड्या ताब्यात घेतल्या. तिने आधी स्टेशने नीट केली, तिथे कर्मचारी ठेवले, भुयारी रेल्वेचेच ऑयस्टर कार्ड चालू केले आणि मग फेऱ्या वाढवत नेल्या. प्रवासी अनेक पटींनी वाढले. त्यात पुढे जोडलेल्या नव्या मार्गांचा वाटा आहे, पण जुने मार्ग ज्या रुळांवर ओस पडले होते त्याच रुळांवर भरू लागले.

नुसत्या तिकिटाने मात्र भागत नाही, हेही जर्मनीनेच दाखवले. जून ते ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे नऊ युरोत महिनाभर कुठल्याही स्थानिक गाडीने, बसने जाण्याची सोय होती. पाच कोटींहून अधिक तिकिटे खपली. लोकांना साधे, एकच तिकीट किती हवे होते ते दिसले, आणि गाड्या तेवढ्याच राहिल्याने शनिवार-रविवारी डब्यात पाय ठेवायला जागा उरली नाही तेही दिसले. पुढे मे २०२३ पासून देशभर चालणारे ४९ युरोचे मासिक तिकीट आले, त्याची किंमत आता वाढत चालली आहे. तिकीट आणि फेऱ्या या दोन्ही गोष्टी एकत्र कराव्या लागतात. एक केली आणि दुसरी राहिली तर लोकांचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

मध्य रेल्वेवर २०२२ साली झालेला एसी लोकलचा प्रसंग मला म्हणूनच बोलका वाटतो. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारीत सुरू झाली आणि ३६ नव्या फेऱ्या मिळाल्या. त्यांतल्या ३४ एसी होत्या. मे महिन्यात एसी लोकलचे तिकीट निम्म्यापर्यंत उतरवले गेले आणि प्रवासी वाढले. इथवर ठीक. पण ऑगस्टमध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या तेव्हा कळवा आणि बदलापूरला लोक रुळांवर आणि फलाटांवर उतरले. शेवटी रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. अनेकांनी त्या प्रवाशांना आधुनिकतेचे विरोधक ठरवले. मला ते अजिबात पटत नाही. साधा पास असलेल्या माणसाच्या दृष्टीने त्याची एक गाडी कमी झाली होती. समोर उभ्या असलेल्या गाडीत त्याचा पास चालत नव्हता, आणि पुढच्या गाडीत दोन गाड्यांची गर्दी चढणार होती. एसी लोकल हवीच. ती जादा फेरी म्हणून आली असती, किंवा साध्या पासावर थोडे पैसे भरून तिच्यात चढता आले असते, तर लोकांनी तिचे स्वागतच केले असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ हे ॲप आले. लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदरच्या बस मिळून ११ सेवांची तिकिटे त्यावर निघतात. रांग वाचते, सुट्ट्या पैशांची कटकट वाचते; काम चांगले आहे आणि ज्यांनी केले त्यांना श्रेय द्यायला हवे. पण ॲप एक झाल्याने भाडे एक होत नाही. बसचे किमान भाडे, मग लोकलचे, मग मेट्रोचे, असे तीन वेळा किमान भाडे देणारा माणूस तीन वेगवेगळ्या तिकिटांचेच पैसे देतो, मग ती एका पडद्यावर दिसोत. २०१९ पासून राष्ट्रीय मोबिलिटी कार्डाची घोषणा आहे, पुण्यात मेट्रोचे ‘एक पुणे’ कार्ड आहे. कार्डे आणि ॲपे वाढत आहेत. तळेगावहून लोकलने शिवाजीनगरला, तिथून मेट्रोने वनाजला आणि पुढे पीएमपीच्या शहर बसने घरी जाणाऱ्या माणसाला मात्र एका भाड्याची सोय आजही नाही. पिंपरी ते शिवाजीनगर मेट्रो आणि लोकल जवळजवळ शेजारून धावतात. त्या एकमेकींच्या पूरक व्हायच्या, पण त्यांचे तिकीट, वेळा, पाट्या यांत एकमेकींची दखलसुद्धा नाही.

यावर नेहमी येणारा आक्षेप पैशांचा. रेल्वे मंत्रालय सांगते की प्रवाशाला प्रत्येक तिकिटावर सरासरी ४६ टक्के सवलत मिळते आणि ती भर मालवाहतुकीतून काढावी लागते. मग फेऱ्या वाढवून तोटा का वाढवायचा? आक्षेप गंभीर आहे, पण तो सगळ्या फेऱ्यांचा खर्च एकाच मापाने मोजतो. सकाळच्या गर्दीसाठी रेक, म्हणजे डब्यांच्या पूर्ण गाड्या, घ्यावेच लागतात, ते ठेवायला यार्ड लागतेच, सिग्नल आणि स्टेशने चालू ठेवावीच लागतात. दुपारी तोच रेक यार्डात उभा न ठेवता चालवला तर खर्च वीज, कर्मचारी आणि झीज एवढाच वाढतो. पहिल्या गाडीपेक्षा चाळिसावी गाडी पुष्कळ स्वस्त पडते. आणि रेल्वेने न नेलेला प्रवासी रस्त्यावर येतो, तेव्हा उड्डाणपुलाचा, अपघाताचा, धुराचा खर्च कुणाच्या तरी खात्यावर पडतोच. तो रेल्वेच्या ताळेबंदात दिसत नाही म्हणून तो नाही असे होत नाही. राज्य सरकार आणि महापालिका यांना या फेऱ्या हव्या असतील तर झुरिचच्या नगरपालिकांप्रमाणे त्यांनी त्यांचे पैसे मोजावेत. एका उड्डाणपुलाच्या पैशात पुणे-लोणावळा आणि पुणे-दौंडच्या किती जादा फेऱ्या किती वर्षे चालतील, याचा हिशेब महापालिकेच्या अंदाजपत्रकात एकदा तरी मांडला जावा.

दुसरा आक्षेप असा की हे शहरांपुरते झाले, कोकणात, मराठवाड्यात काय करणार. कोकण रेल्वे बहुतांश एकेरी आहे. तिथे दर पंधरा मिनिटांनी गाडी मागण्यात अर्थ नाही हे मान्य. पण दर दोन तासांनी, त्याच मिनिटाला, सगळ्या लहान स्टेशनांवर थांबणारी एक गाडी हे उद्दिष्ट समोर ठेवता येते. कुठल्या स्टेशनांच्या दरम्यान दुसरी मार्गिका हवी आणि कुठे नुसते क्रॉसिंग, म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना ओलांडायची जागा, पुरेल, हे त्या वेळापत्रकावरून ठरवता येते. आणि स्टेशनबाहेर एसटीची बस गाडीच्या वेळेला उभी करता येते. कोकणातली बरीच स्टेशने गावापासून काही किलोमीटर दूर आहेत. रात्री उतरणाऱ्या माणसाला गावात पोचायला रिक्षाचे भाडे कित्येकदा गाडीच्या तिकिटापेक्षा जास्त पडते. हे स्टेशन बांधले त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत आहे. त्यावर उपाय शोधणे हे रेल्वेला एसटीचे काम वाटते आणि एसटीला रेल्वेचे.

गेल्या पाच-सहा वर्षांत तर आपण मागेच गेलो. २०२० च्या टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्या परत आल्या त्या ‘स्पेशल’ किंवा ‘एक्स्प्रेस’ होऊन. किमान भाडे १० वरून ३० रुपयांवर गेले आणि कितीतरी लहान थांबे गेले ते गेलेच. भाडे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा खाली आले, पण तोवर चार वर्षे झाली होती. चार वर्षांत खेड्यातला विद्यार्थी कॉलेज संपवून निघून जातो, भाजी विकणारी बाई टेम्पोची सोय लावून घेते. भारतीय रेल्वेने २०१८-१९ मध्ये सुमारे ८४४ कोटी प्रवासी नेले होते; २०२३-२४ मध्ये ते सुमारे ६९० कोटी होते. या घटीची कारणे अनेक आहेत, पण छोट्या अंतराचा, रोजचा, गरीब प्रवासी आपणच दूर लोटला, हे त्यातले एक कारण आहे असे माझे ठाम मत आहे.

काय करायचे ते पुणे विभागात लगेच सुरू करता येईल, कारण तिथे सगळे तुकडे तयार आहेत. लोणावळा आणि दौंड या दोन्ही बाजूंना पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत दर अर्ध्या तासाला गाडी, त्याच मिनिटाला. देखभालीचा ब्लॉक दुपारऐवजी रात्री घेता येतो का याची प्रामाणिक तपासणी. दौंडचा मार्ग २०१७ पासून विजेचा आहे, तिथे डिझेलच्या गाडीऐवजी लोकलचे रेक आणि उपनगरी दर्जा. लोकल, मेट्रो आणि पीएमपी मिळून एक मासिक पास, आणि उत्पन्न वाटण्यासाठी पश्चिम आणि मध्य रेल्वेत चालतो तसाच लेखी करार. पुण्यासाठी एकत्रित महानगर वाहतूक प्राधिकरण कागदावर आहेच. तिकीट ठरवायचा अधिकार आणि त्यासाठीचा पैसा त्याला दिल्याशिवाय त्याच्या बैठकांतून काही निघणार नाही. मुंबई-पुणे मार्गावर दर तासाला एक दिवसाची गाडी, आणि त्या दिवशी कुठल्याही गाडीत चालेल असे तिकीट.

तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचे आराखडे आता होत आहेत. फलाट किती लांब, एका रुळावरून दुसऱ्यावर जायचे क्रॉसओव्हर कुठे, रेक कुठे उभे राहणार, हे सगळे येत्या काळात ठरेल आणि एकदा काँक्रीट पडले की पन्नास वर्षे बदलणार नाही. म्हणून विभागीय रेल्वे प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्यांनी, मावळच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या लोकप्रतिनिधींनी, प्रवासी संघटनांनी भूसंपादन आणि निविदा यांच्या आधी एक कागद मागावा: मार्गिका पूर्ण झाल्यावरचे लोणावळा-पुणे-दौंड वेळापत्रक, पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंतचे, प्रत्येक स्टेशनच्या मिनिटासह.